लाभपाचमीला अडकलेला कॉम्प्युटर

भूपेंद्रशेठच्या कारखान्यात कॉम्प्युटर यायचा ठरला तेव्हा त्याच्यासाठी आधी एसी आला, एसीसाठी काचेची केबिन आली आणि केबिनसाठी गोपाल आला. या क्रमात गोपाल सगळ्यात शेवटी होता आणि सगळ्यात स्वस्तही. एसीला निदान गॅरंटी होती.

शेठचं खातं कडोदऱ्याला, हायवेच्या अंगाला. मागांच्या शेडला सुरतेत खातं म्हणतात आणि तिथं इतका आवाज असतो की आत देवाचं नाव घेतलं तरी देवाला ते ओठांवरूनच वाचावं लागेल. गोपाल मूळचा अमळनेरकडचा, बिऱ्हाड नवागामला. त्या आवाजात त्याची ऐन उमेदीची वर्षं गेली होती. त्यामुळे तो बोलायचा मोठ्याने, ऐकायचा कमी आणि घरी जेवायला बसला तरी त्याचा उजवा पाय मागाच्या तालावर हलत असायचा. त्याची बायको सुंदरा वैतागून म्हणायची, ‘‘आवो, पाय थांबाडा जरा, ताटलीमधली दाय सांडी राहिनी.’’

सुट्टीच्या दिवशी उधन्याच्या एका क्लासात जाऊन गोपालने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. क्लासात कॉम्प्युटर कमी आणि विद्यार्थी जास्त, त्यामुळे त्याचं बरंचसं शिक्षण दुसऱ्याच्या खांद्यावरून झालं. पण सर्टिफिकेटवर खांद्याचा उल्लेख नव्हता. ते त्याने शेठला दाखवलं, शेठने ते उजेडात धरून नोट तपासावी तसं तपासलं आणि गोपालला मागावरून उचलून काचेच्या आत ठेवलं.

आत जाण्यापूर्वी गोपालने एक शहाणपणा केला होता. त्याने आपले माग सोडले नव्हते. त्याचा चुलतभाऊ धुडकू त्याच खात्यात शेजारच्या मागांवर होता. आपल्या खान्देशी माणसांत रीत आहे की कुणी गावाला लग्नाला, नाहीतर शेतीच्या कामाला गेला, तर भाऊबंदाने त्याचे माग राखायचे. म्हणजे आपले चालवायचे आणि त्याचेही चालवायचे, नाहीतर शेठ परक्याला देऊन मोकळा होतो. गोपाल गावाला गेला नव्हता, एसीत गेला होता. पण धुडकूने दोन्हींत फार फरक केला नाही. तो दोघांच्या मागांमध्ये धावत होता आणि काचेतून गोपालकडे बघत होता. गोपाल बसलेला दिसायचा. धुडकूला त्याचं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटे.

कॉम्प्युटर सुरू करायचा मुहूर्त लाभपाचमीचा. दिवाळीत बंद झालेली सुरतेची बाजारपेठ लाभपाचमीला उघडते आणि त्या दिवशी सुरू केलेलं काम बुडत नाही असं मानतात. बुडालेली कामं कोणत्या दिवशी सुरू झाली होती याचा हिशेब कुणी ठेवत नाही. शेठने केबिनच्या दारात नारळ फोडला आणि पाणी कॉम्प्युटरवर शिंपडणार तोच गोपालने आडवा हात घातला. सगळं पाणी त्याच्या बाहीवर गेलं. शेठने ते पवित्र पाणी बाहीवरून पिळून घ्यायला सांगितलं नाही, एवढीच मेहरबानी.

मागांच्या धंद्यातही मुहूर्त असाच असतो. ताण्याचे धागे गुंडाळलेला नवा रूळ, म्हणजे बीम, चढवला की ठरल्या घटकेला धोटा एकदा इकडून तिकडे फेकायचा. अर्धे धागे भरायचे असले तरी हरकत नाही. धोटा फिरला म्हणजे माग सुरू झाला, पुढे तो आठवडाभर बंद राहिला तरी देवाच्या दप्तरी तो चालूच असतो. गोपालने त्याच भावनेने पहिली फ्लॉपी आत सरकवली.

सॉफ्टवेअर अहमदाबादच्या एका कंपनीचं होतं. साडीच्या काठाची नक्षी त्यात स्क्रीनवर काढायची, हवी तिथे फिरवायची, रंग बदलून बघायची. फ्लॉप्यांच्या दोन थप्प्या होत्या. एका थप्पीत नक्षीचं सॉफ्टवेअर आणि दुसरीत, कंपनीतल्या हर्षदाबेन फोनवर म्हणाल्या तसं, फ्रेमवर्क. फ्रेमवर्क आधी बसवायचं, ते बसलं नाही तर नक्षीवालं उभंच राहणार नाही. गोपालला हे चटकन पटलं. मागाचा लोखंडी सांगाडा जमिनीत पक्का केल्याशिवाय त्यावर बीम कोण चढवतो? त्याने मनातल्या मनात फ्रेमवर्कचं नाव सांगाडा ठेवलं आणि तेव्हापासून त्याला ते फार समजल्यासारखं वाटू लागलं.

सांगाड्याच्या काही फ्लॉप्या सुरळीत गेल्या. मग एका फ्लॉपीवर कॉम्प्युटर सुपारी चावल्यासारखा आवाज करू लागला आणि थोड्या वेळाने त्याने ती थुंकली. फ्लॉपी वाचता येत नाही, असं स्क्रीनवर आलं. हर्षदाबेन म्हणाल्या, फ्लॉपी खराब निघाली, नवा संच बनवून पाठवतो. मुहूर्ताला धोटा फिरला होता, म्हणून शेठने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पेढे वाटले गेले.

पण कंपनीत नवा संच बनवणारा जो माणूस होता तो दिवाळीला द्वारकेला गेला तो तिथून पुढे सोमनाथला गेला. संच आंगडियाच्या, म्हणजे तिकडच्या खासगी टपालवाल्याच्या, हाती सुरतेला पोहोचला तेव्हा कमुरता लागला होता.

कमुरता म्हणजे आपला धनुर्मास. आपल्याकडे धनुर्मासात पहाटे उठून बाजरीची भाकरी आणि लोणी खातात आणि कुणाचं काही बिघडत नाही. गुजरातेत मात्र त्या महिन्यात कुणी नवं काही सुरू करत नाही. लग्न नाही, दुकान नाही, घराची वास्तुशांत नाही. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, उजाडेपर्यंत सगळं थांबायचं. शेठने पार्सल कपाळाला लावलं आणि कपाटात ठेवलं. म्हणाले, उत्तरायण पछी.

इथवर ठीक होतं. पण त्याच दमात शेठने दुसरी गोष्ट सांगितली. उत्तरायणला त्यांचा साला बडोद्याहून पतंग उडवायला येणार होता. साल्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता आणि तो गेली दोन वर्षं दर सणाला त्याच्याबद्दल बोलत होता. तेव्हा उत्तरायणच्या सकाळी इथल्या कॉम्प्युटरवर नक्षी चालू दिसली पाहिजे. नाही दिसली, तर साल्याचा एक भाचा बेकार बसला आहे, त्याला या खुर्चीवर बसवायचं शेठच्या घरात ठरलंच होतं.

गोपालने विचारलं की उत्तरायणच्या आधी सुरू करायचा नाही आणि उत्तरायणला चालू दिसला पाहिजे, हे कसं जमणार? शेठ शांतपणे म्हणाले, ‘‘एनाच तर पगार देतो ना तुला, भाई. एसीमां बसवलाय.’’

त्या दिवसापासून गोपालची झोप उडाली असं म्हणता येणार नाही, कारण मागावरच्या माणसाला झोप कुठेही लागते. पण जागेपणी त्याचं लक्ष लागेना. खुर्चीवर बसला की उठावंसं वाटे, उठला की खुर्ची जाईल असं वाटे. काचेच्या पलीकडे धुडकू त्याला हातवारे करून विचारी. मागावरची माणसं आवाजात बोलत नाहीत, ओठांनी आणि बोटांनी बोलतात. धुडकूने एक बोट गोल फिरवलं की ‘चालू झालं का?’, आणि गोपालने पंजा हलवला की ‘नाही’. दिवसातून कितीतरी वेळा हा संवाद व्हायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत धुडकू प्रत्यक्ष आला, एसीखाली उभा राहून घाम वाळवला आणि म्हणाला, ‘‘देख भो, मना हात सुजी गयात. संक्रातलगून तुना माग सांभाळस, मंग तुनं तू. उखा गावहून ई राहिना, त्याले माग जोईजेत.’’

उखा म्हणजे धुडकूच्या बायकोचा भाऊ. म्हणजे इकडे साल्याचा भाचा खुर्चीसाठी तयार आणि तिकडे साला मागांसाठी तयार. दोन साल्यांच्या मध्ये सापडलेल्या माणसाला शांतपणे विचार करता येत नाही. गोपालने अशांतपणे केला.

त्याला मार्ग सुचला तो मुहूर्तावरूनच. तो शेठकडे गेला आणि म्हणाला की काम नवं कुठे आहे? ते तर लाभपाचमीला सुरू झालंय. धोटा फिरलाय. आता फक्त राहिलेले धागे भरायचे. शेठना हे आवडलं. त्यांनी मान हलवली, मग केबिनमध्ये येऊन चपला काढल्या आणि माउस हातात घेतला. कॉम्प्युटरमधली एकच गोष्ट शेठ शिकले होते. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर माउस नेला की तारीख दिसते. ते रोज येऊन ती तारीख बघत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून समाधानाने जात. आताही त्यांनी बघितली.

‘‘मशीन तर कमुरता बोलते,’’ शेठ म्हणाले.

गोपालने माउस घेतला, घड्याळ उघडलं आणि तारीख मागे नेत नेत लाभपाचमीवर आणून ठेवली. शेठ बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. आपण सत्तर हजारांचं यंत्र घेतलं तेव्हा त्यात एवढी सोय आहे हे विकणाऱ्याने सांगितलंच नाही, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला. मग त्यांनी फर्मान काढलं की काम पुरं होईपर्यंत या मशीनमध्ये लाभपाचमच राहील.

तेव्हापासून रोज सकाळी उदबत्ती फिरवली की गोपाल आधी तारीख मागे न्यायचा. सगळं सुरत थंडीत कुडकुडत पौषाकडे चाललं होतं आणि हे एक यंत्र रोज सकाळी लाभपाचमीला उठायचं, संध्याकाळी छठीच्या उंबरठ्यापर्यंत जायचं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा लाभपाचमीला उठायचं. पेढे तेवढे रोज नव्हते.

नवा संच त्याने आत घालायला घेतला. या वेळी एकही फ्लॉपी अडली नाही. शेवटची फ्लॉपी गेली, स्क्रीनवरची निळी पट्टी सरकत सरकत टोकाजवळ आली, गोपालचा पाय थांबला, आणि पट्टीही थांबली. वर एक चौकट आली. तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं की हा भाग ग्राह्य नाही, म्हणून सेटअप रद्द करण्यात येत आहे. खाली एकच बटण होतं, ‘ओके’. काहीच ओके नसताना ते दाबल्याशिवाय सुटका नव्हती.

गोपालने पुन्हा पहिल्या फ्लॉपीपासून सुरुवात केली. पुन्हा तीच चौकट. मग त्याने मागावर करतात तसं केलं, म्हणजे आधी सफाई. खात्यात सगळीकडे तंतू उडतात, ते ड्राइव्हमध्ये गेले असतील म्हणून त्याने फुंकून फुंकून ड्राइव्ह साफ केला. फ्लॉप्या ओलसर असतील म्हणून गच्चीवर उन्हात मांडल्या. सुंदराच्या पापडांना त्या दिवशी जागा मिळाली नाही. आधीचं अर्धवट बसलेलं सगळं पुसून टाकलं. ते पुसताना जे पुसायला नको तेही पुसलं, म्हणून अख्खा कॉम्प्युटर पहिल्यापासून भरावा लागला, त्यात दोन दिवस गेले. धुडकूने बाहेरून कुप्पी दाखवून सुचवलं की तेल सोड. शेठने सुचवलं की तोंड पूर्वेला कर. तेल त्याने सोडलं नाही, पण तोंड पूर्वेला केलं. चौकट पूर्वेकडे तोंड करून आली.

आणि या प्रत्येक प्रयोगाआधी, न चुकता, तो तारीख लाभपाचमीवर नेत होता. एखादा प्रयोग फसण्याचं कारण प्रयोगाआधीच्या पूजेत असेल, हे माणसाच्या मनात सगळ्यात शेवटी येतं.

शेठच्या फोनला कुलूप होतं. म्हणून अहमदाबादला विचारायचं तर हायवे ओलांडून पलीकडच्या एसटीडी बूथवर जावं लागे. हर्षदाबेन विचारत, चौकटीत वरच्या ओळीत काय लिहिलंय? गोपाल फोन ठेवून ट्रकांमधून वाट काढत धावत येई, ओळ पाठ करी, धावत परत जाई. मग त्या विचारत, आणि खालच्या ओळीत? बूथवाला त्याला म्हणाला की तुम्ही मशीनच इकडे आणून ठेवा, भाडं लावून देतो. गोपाल मागाच्या आवाजाच्या सवयीने बूथमध्ये ओरडून बोलायचा, त्यामुळे कडोदऱ्याच्या चौकात बऱ्याच जणांना ठाऊक झालं होतं की समोरच्या खात्यात सांगाडा बसत नाही. एक जण तर दुसऱ्या दिवशी वेल्डिंगचं काम आहे का म्हणून विचारायला आला.

उत्तरायण दिसू लागली. दोऱ्याला मांजा चढवणारे रस्त्यावर खांब रोवून बसले, पोरं छपरांवर चढली. गोपालला आकाशातला प्रत्येक पतंग आपल्याकडेच बघतोय असं वाटे. नवागामच्या गल्लीत सुंदराने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमचे हे आता खुर्चीवर बसतात. ती आता विचारत नव्हती, आणि ती विचारत नाही हे त्याला जास्त टोचत होतं. उखा गावाहून आला होता. तो धुडकूच्या घरी दोन्ही वेळ पोटभर जेवत होता आणि दिवसभर खात्याच्या दारात उभा राहून गोपालच्या मागांकडे, बघायला आलेल्या मुलीकडे बघावं तसा, बघत होता.

शेवटी एका दुपारी गोपाल बूथवर गेला तो कागदावर एकूणएक गोष्ट लिहून घेऊनच, पुन्हा धावायला नको म्हणून. शेठ बाजारात गेले होते. हर्षदाबेननाही आता या माणसाच्या आवाजाची धास्ती बसली असावी. त्यांनी शांतपणे एकेक विचारत नेलं. डिस्कवर जागा किती? विंडोज कोणतं? मेमरी किती? गोपाल उत्तरं देत गेला. मग त्यांनी, फारसं काही मनात नसताना, विचारलं की कॉम्प्युटरमध्ये तारीख काय दिसते?

या प्रश्नाला कागद बघायची गरज नव्हती. गोपालने अभिमानाने सांगितलं, ‘‘लाभपाचम.’’

लाइन कापली गेली असं वाटून गोपालने दोनदा हॅलो केलं. मग हर्षदाबेन हळू आवाजात म्हणाल्या की आज कोणता महिना चाललाय ते ठाऊक आहे ना? गोपालने त्यांना शेठ, कमुरता, धोटा, सगळं समजावून सांगितलं. त्या गुजराती होत्या, कमुरता त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्याही घरात एक कुकर उत्तरायणची वाट बघत खोक्यात पडून होता. पण कंपनीने चोरीच्या प्रती चालू नयेत म्हणून सांगाड्याला एक कुलूप लावलं होतं. ज्या दिवशी संच बनला त्याच्या आधीची तारीख दिसली की ते उघडत नाही.

‘‘गोपालभाई,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आ सेट लाभपाचम पछी बनलाय. तुमच्या मशीनच्या हिशेबाने तो हजी जन्मलाच नाही. जन्मला नाही त्याला बेसाडणार कुठे?’’

गोपाल बूथमधून बाहेर आला आणि हायवेच्या कडेला उभा राहिला. ट्रक जात होते. रोज सकाळी उदबत्ती फिरवून आपणच आपल्या हाताने कुलूप लावत होतो. त्याला स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घ्याव्याशा वाटल्या, पण रस्त्यावर लोक होते आणि त्यांतला एक जण वेल्डिंगवाला होता.

उपाय तर सोपा होता. तारीख खरी करायची. पण खरी तारीख म्हणजे कमुरता. शेठ येणार, चपला काढणार, माउस कोपऱ्यात नेणार आणि कमुरत्यात सुरू केलेलं यंत्र तसंच्या तसं उचलून बाहेर ठेवणार, आणि त्याच्यामागे गोपालला. लाभपाचम ठेवली तर सांगाडा बसत नाही, आजची ठेवली तर शेठ बसू देत नाहीत. गोपाल केबिनमध्ये येरझारा घालू लागला. केबिन एवढीशी, त्यामुळे तो जागच्या जागी फिरतोय असंच काचेतून दिसत होतं, आणि धुडकूला वाटलं की ‘चालू झालं का?’ हे आता तो पूर्ण अंगाने विचारतोय.

मग त्याचा हात आपसूक घड्याळावर गेला. मागे जाता येतं, तर पुढे का नाही? त्याने एकेक दिवस पुढे सरकवला. कमुरता सरला. उत्तरायण आली. त्या दिवशी सगळे छपरावर असतात, काम कोण करतं, म्हणून त्याने आणखी एक दिवस ओलांडला आणि थांबला.

फ्लॉप्या आत गेल्या. निळी पट्टी सरकू लागली. टोकाजवळ येऊन ती क्षणभर रेंगाळली. आणि पट्टी पुढे सरकून भरली. चौकट आली ती सांगायला की सेटअप यशस्वी झाला आहे. त्याने घाईघाईने नक्षीची थप्पी घातली. तीही बसली. स्क्रीनवर एक आंबा उमटला, त्याच्यापुढे दुसरा, आणि बघता बघता हिरव्या साडीचा अख्खा काठ कोयऱ्यांनी भरून गेला.

काचेपलीकडून धुडकूने सवयीने बोट गोल फिरवलं. गोपालने या वेळी पंजा हलवला नाही. त्यानेही बोट गोल फिरवलं, पुन्हा पुन्हा फिरवलं. धुडकूने वर बघितलं, हात जोडले, दारातल्या उखाला खूण केली आणि आपल्या सुजलेल्या हातांनी गोपालच्या मागांचा ताबा तिथल्या तिथे त्याच्याकडे देऊन टाकला. उखाने पहिला तुटलेला धागा अशा झटक्यात जोडला, जणू तो जन्मल्यापासून त्या मागांवरच होता.

एवढ्यात शेठ आले. त्यांनी चपला काढल्या. स्क्रीनवरचा काठ बघून त्यांचे डोळे चमकले. त्यांनी कोयरीवर बोट फिरवून बघितलं, बोटाला रंग लागला नाही याची खात्री केली. मग माउस घेतला आणि कोपऱ्यात नेला.

‘‘उत्तरायण थई गई?’’

गोपाल म्हणाला की मशीनची झाली. शेठ पुटपुटले की आपण तीळगूळ वाटला नाही, दान केलं नाही. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. व्यापारी माणसाला दुसऱ्याच्या बोलण्यातली गाठ सापडली की होतो तसा.

‘‘मी काय बोललो होतो? उत्तरायणला चालू पाहिजे,’’ शेठ म्हणाले. ‘‘आ मशीन तर उत्तरायण पछी चालू झालं. तू एक दिवस मोडो, लेट पडला, गोपाल.’’

गोपालने काचेबाहेर बघितलं. त्याच्या मागांवर उखा शर्ट काढून कामाला लागला होता. माघारी जायला जागा उरली नव्हती. साल्याचा भाचा बडोद्यात सूटकेस भरत असणार. इतके दिवस सगळीकडून पळणारं त्याचं मन तेव्हा पहिल्यांदा एका जागी आलं, कारण दुसरी जागाच नव्हती. त्याने शेठच्या हातातून माउस काढून घेतला. मालकाच्या हातातून काहीही काढून घ्यायची त्याची ही पहिलीच वेळ. घड्याळ उघडलं, तारीख मागे आणली, आजच्या दिवसावर आणून सोडली आणि नक्षीचं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. ते उघडेल की नाही हे त्यालाही ठाऊक नव्हतं. सांगाडा जन्मलेला होता, बसलेला होता. आजची तारीख त्याच्या जन्मानंतरची होती. कोयऱ्या पुन्हा उमटल्या.

‘‘आता बघा शेठ,’’ गोपाल म्हणाला. त्याचा आवाज मागावर असताना असायचा तेवढा मोठा होता. ‘‘उत्तरायण यायचीय आणि मशीन चालू आहे. सुरू केलं लाभपाचमीला, पुरं केलं उत्तरायणनंतर. कमुरत्यात आम्ही काहीच केलं नाही, कमुरत्यात ते नुसतं चालतंय. तुमचे माग चालतात की नाही कमुरत्यात?’’

शेठने कॅलेंडर बघितलं, कोपरा बघितला, माग बघितले. माग कमुरत्यातच नव्हे, ग्रहणातही चालत होते. ते बंद ठेवायचं त्यांना आजवर कुणी सुचवलं नव्हतं आणि कुणी सुचवू नये अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी गोपालच्या युक्तिवादात गाठ शोधली. एक सापडली, पण ती ओढली तर मागही थांबत होते. त्यांनी ती सोडून दिली आणि बडोद्याला फोन करायला गेले. साल्याच्या भाच्याने सूटकेस रिकामी केली. खुर्ची गोपालची झाली.

कथा इथे संपली असती, पण शेठना आता नक्षीत रस उरला नव्हता.

दोनच दिवसांनी ते रिंगरोडवरच्या एका सूतव्यापाऱ्याला घेऊन आले. व्यापाऱ्याने चपला बाहेर काढल्या, केबिनला नमस्कार केला आणि पेढ्यांचा पुडा की-बोर्डवर ठेवला. स्क्रीनवर दोन-चार पेढ्यांच्या वजनाची अक्षरं उमटली. त्याचा एका भागीदाराशी करार व्हायचा होता. भागीदाराला घाई होती आणि कमुरता मध्ये आला होता. करार इथे टाइप करायचा, इथेच छापायचा आणि सुरुवात चांगल्या दिवसाची पाहिजे. शेठ अभिमानाने बाजूला उभे होते, जणू तारखा त्यांच्याच खात्यात विणल्या जात होत्या. ते म्हणाले, लाभपाचम लावून दे.

गोपालने नकारार्थी मान हलवली. मागची लाभपाचम लावली तर सांगाड्याचं कुलूप पुन्हा पडेल, त्याने सांगितलं, ते दार बंद झालंय. पुढचं मिळेल.

व्यापारी हिरमुसला. मग त्याने खिशातून पंचांग काढलं, बोट फिरवलं आणि आशेने विचारलं की उत्तरायणच्या दुसऱ्या दिवसाचं जमेल का?

गोपालने पेढ्यांचा पुडा उचलून बाजूला ठेवला, घड्याळ उघडलं आणि विचारलं, ‘‘सकाळचं देऊ की दुपारचं?’’